जुनी हाउसबोट घेताय? आधी ती पाण्याबाहेर काढायला सांगा



अलेप्पीवरच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच आहे, फक्त आकडा बदलतो. "सर, दोन बेडरूमची जुनी हाउसबोट अठरा लाखांत मिळतेय, थोडं काम आहे, घेऊ का?" विचारणाऱ्यांपैकी कुणाकडे व्हीआरएसचे पैसे आलेत, कुणी गावची जमीन विकलीय, कुठे दोन भाऊ आणि मेव्हणा मिळून पैसे जमवतायत. म्हणजे हा गमतीचा प्रश्न नाही. घरातली आयुष्यभराची पुंजी एका लाकडी तळावर ठेवायची की नाही, असं विचारताय तुम्ही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनी हाउसबोट घेणं आणि दुरुस्त करून विकणं हा खरा धंदा आहे, त्यात पैसा आहे. पण तो पैसा विकताना मिळत नाही, घेताना मिळतो. घेण्याचा भाव चुकला तर पुढे कितीही पॉलिश मारा, कितीही इन्स्टाग्राम करा, तो भरून निघत नाही. आणि पाण्यात तरंगणाऱ्या बोटीचा योग्य भाव कुणालाच काढता येत नाही. मलाही नाही, दलालालाही नाही, खुद्द मालकालाही नाही. कारण किंमत ठरवणारा भाग पाण्याखाली आहे.

हे नीट कळण्यासाठी ही बोट मुळात काय चीज आहे ते बघू. केरळची हाउसबोट म्हणजे केट्टुवळ्ळम. मल्याळममध्ये केट्टु म्हणजे बांधणं आणि वळ्ळम म्हणजे होडी. कुट्टनाडचा तांदूळ कोचीच्या बाजारात न्यायला ही मालवाहू होडी होती. आंजिली, म्हणजे आपल्याकडचा रानफणस, त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवायच्या, खिळा वापरायचा नाही, आणि वरून काजूच्या टरफलांच्या तेलाचा काळा लेप द्यायचा. रस्ते आणि ट्रक आले तशी ही होडी बेकार झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावर खोल्या बांधून पर्यटक फिरवायला सुरुवात झाली. म्हणजे आज तुम्ही जिला "जुनी बोट, थोडं काम आहे" म्हणता, तो धंदा मुळात जुन्या बोटींच्या दुरुस्तीतूनच जन्मलाय. म्हणून मी या धंद्याला नाकं मुरडत नाही.

पण एक लक्षात घ्या. शिवलेली बोट ही घरासारखी नसते, ती कपड्यासारखी असते. शिवण सैल होते, परत घालावी लागते. फळ्यांच्या फटीत काथ्या-सूत परत भरावं लागतं, लेप परत द्यावा लागतो. ज्या मालकानं दर वेळी वेळेवर बोट बाहेर काढून हे केलं, त्याची वीस वर्षांची बोट ठणठणीत असते. ज्यानं हंगाम चुकवायचा नाही म्हणून ढकललं, त्याची सात वर्षांची बोटसुद्धा आतून खलास असू शकते. त्यामुळे "किती साली बांधली?" हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न, "शेवटची कधी बाहेर काढली होती, आणि त्याची पावती आहे का?"

कोरोनाच्या टाळेबंदीत बोटी महिनोन्महिने धक्क्याला बांधून राहिल्या. उत्पन्न शून्य, त्यामुळे देखभालही नाही. त्या काळात बोट नुसती उभी होती की कुणी तिच्याकडे बघत होतं, हेही विचारा. उभी गाडी खराब होते हे आपल्याला माहीत आहे. उभी लाकडी बोट त्याहून लवकर खराब होते, कारण गाडी निदान पाण्यात उभी नसते.

बघायला जाल तेव्हा

पहिली गोष्ट, ग्राहक म्हणून जा. ती बोट चालू असेल तर एका रात्रीचं बुकिंग करा, पूर्ण पैसे देऊन. काही हजार रुपये जातील, पण काही लाखांच्या सौद्यात याहून स्वस्त तपासणी नाही. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास बोटी थांबतात, कारण रात्री मच्छीमारांची जाळी लागतात. बोट बांधली, एसी चालू झाले, की तुमचं काम सुरू. जनरेटर किती आवाज करतो, एसी लावल्यावर दिवे मंद होतात का, बाथरूमचं पाणी नीट जातं का, फरशीला कुठे मऊ लागतंय का. रात्री झोपल्यावर कान द्या. पाणी उपसायचा पंप किती वेळा सुरू होतोय ते मोजा. तासातासाला पंप लागत असेल, तर ती बोट पंपावर तरंगतेय.

दुसऱ्या भेटीत उघडपणे खरेदीदार म्हणून जा आणि फरशीच्या फळ्या उचलायला लावा. मालक म्हणेल, "त्या खिळ्यांनी बंद केल्यात, उगाच तोडफोड कशाला?" तोडफोड तुमच्या खर्चानं करू म्हणा. तळाशी साचलेल्या पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करा, पंप बंद ठेवायला सांगा, काही तासांनी परत बघा. एक टोकदार अरी किंवा स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा. चांगल्या लाकडात टोक घुसत नाही, कुजलेल्यात लोण्यासारखं जातं. लाकडी हातोडीनं ठोकत जा, चांगल्या फळीचा आवाज खणखणीत येतो, मेलेल्या फळीचा भद्द येतो. फळी जिथे बरगडीला टेकते तिथे, बाथरूमखाली आणि इंजिनखाली जास्त ठोका. पावसाचं आणि नळाचं गोडं पाणी जिथे साचून राहतं तिथे लाकूड आतल्या बाजूनं कुजतं, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच नसतं. सगळे बाहेरून बघतात.

आता सर्वात मोठी फसगत. दलाल अभिमानानं सांगतो, "साहेब, खाली फायबर मारलंय, आता टेन्शन नाही." मला तर हे वाक्य ऐकून टेन्शन येतं. नव्या, कोरड्या लाकडावर नीट केलेलं फायबरचं आवरण चांगलंच असतं. पण गळायला लागलेल्या जुन्या तळावर गळती लपवायला फायबर मारलं, तर आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि लाकूड आतल्या आत सडत जातं. बाहेरून गुळगुळीत, आत भुसा. फायबर असेल तर ते कधी मारलं, त्याआधी लाकूड किती दिवस सुकवलं, फळ्या किती बदलल्या, याची बिलं मागा. बिलं नसतील तर दोन-चार ठिकाणी फायबर कापून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आणि मग शीर्षकातली गोष्ट. बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय सौदा पक्का करायचा नाही. बयाणा द्या, पण लेखी अट घाला: बोट यार्डात चढवली जाईल, तुम्ही नेमलेला सर्वेअर तपासेल, आणि अहवाल वाईट आला तर बयाणा परत. चढवण्या-उतरवण्याचा खर्च अर्धा-अर्धा करा, किंवा अगदीच अडलं तर पूर्ण तुम्ही भरा. सर्वेअर मात्र मालकाच्या ओळखीचा नको. दलालानं "आपलाच माणूस आहे" म्हणून सुचवलेला तर अजिबात नको. सोबत एक तिथला आशारी, म्हणजे बोटीचं काम करणारा सुतार, रोजंदारीवर घेऊन जा. सर्वेअर कागदावर लिहितो, आशारी कानात सांगतो. दोन्ही लागतं.

बघायला कधी जायचं? माझं मत विचाराल तर जून-जुलै. ऑक्टोबर ते मार्च हंगाम जोरात असतो, तेव्हा मालक भाव सोडत नाही आणि बोट दाखवायलाही त्याला वेळ नसतो. पावसाळ्यात बुकिंग कमी आणि हप्ते तेच. शिवाय धो-धो पावसात बांबूच्या चटयांचं छप्पर कुठे गळतंय ते दाखवायला कुणी लागत नाही. हे छप्पर काही वर्षांनी बदलावंच लागतं, तो खर्च हिशेबात धरा.

भाव उलटा काढायचा

आपल्याकडची पद्धत अशी. मालक अठरा म्हणतो, आपण चौदा म्हणतो, सोळावर हात मिळवतो आणि दोन लाख वाचवले म्हणून खूश होऊन घरी येतो. हा भाव काढणं नाही, हे भाजी घेणं आहे. दुरुस्ती करून विकायच्या कुठल्याही वस्तूचा भाव शेवटाकडून सुरुवातीकडे काढतात.

खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतलेत, बाजारभाव म्हणून वापरू नका. समजा, तयार झालेली, कागदपत्रं पूर्ण असलेली दोन बेडरूमची बोट ३० लाखांना जाईल, असा तुमचा अंदाज आहे. हा अंदाज जाहिरातींवरून काढायचा नाही, प्रत्यक्षात झालेल्या दोन-तीन सौद्यांवरून काढायचा. जाहिरातीत फक्त मागणी असते. आशारीनं दुरुस्तीचे ७ लाख सांगितले. त्यावर निम्मे, म्हणजे साडेतीन लाख, तळ उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी धरा. हे जास्त वाटतंय? एक फळी काढली की शेजारच्या दोन खराब निघतात, जुन्या लाकडाचा हा स्वभावच आहे. यार्डात चढवणं-उतरवणं ८० हजार. कागदपत्रं, सर्वे, विमा ७० हजार. दलाली ६० हजार. घेतल्यापासून विकेपर्यंत आठ महिने लागले, तर राखणदार, धक्क्याचं भाडं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज मिळून २ लाख. तुमची मेहनत आणि नफा ४ लाख. बेरीज झाली १८ लाख ६० हजार. तीसमधून वजा करा. उरतात ११ लाख ४० हजार. हा तुमचा कमाल भाव, पहिली ऑफर याच्याही खाली.

तीच बोट मागणीच्या भावानं अठराला घेतली असती तर? नफा सोडून खर्च १४ लाख ६०, अधिक १८, म्हणजे ३२ लाख ६० हजार. विक्री ३०. आठ महिने राबून खिशातले २ लाख ६० हजार घालायचे. "थोडं काम आहे" या तीन शब्दांची किंमत इथे दिसते.

याच्या सोबतीनं दुसरा एक आकडा काढून ठेवा, भंगारभाव. बोट उद्या तोडायचीच झाली तर इंजिन, जनरेटर, एसी, बाथरूमचं सामान, चांगल्या फळ्या सुट्या विकून किती येतील? तुमचा खरेदीभाव आणि हा भंगारभाव यातलं अंतर म्हणजे तुमची खरी जोखीम. ते अंतर बुडालं तरी घर चालेल का, हा प्रश्न बायकोसमोर बसून सोडवा, दलालासमोर नाही. कर्जाच्या जोरावर तर हे करूच नका. जुन्या लाकडी बोटीला कर्ज द्यायला बँका हात आखडता घेतात, मग लोक सोनं नाहीतर घर गहाण ठेवतात, आणि बोटीची जोखीम घरात येते.

लाकडाइतकेच कागद

कागदांचं कंटाळवाणं असतं, म्हणून भरभर सांगतो, पण हे वगळू नका. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आहे. नोंदणी प्रमाणपत्र, सर्वेक्षण प्रमाणपत्र, विमा आणि चालवणाऱ्या माणसांची पात्रता प्रमाणपत्रं या चार गोष्टी लागतात. केरळात स्रांक, ड्रायव्हर, लास्कर अशी पदं ऐकू येतील. स्रांक म्हणजे आपला सारंग. शिवाय सांडपाण्याची टाकी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी. वेंबनाड तलाव २००२ पासून रामसर यादीत आहे, तिथे घाण सोडण्यावरून वाद जुना आहे आणि नियम कडक होत जाणार हे धरून चला.

नोंदणीच्या दप्तरात बोटीवर तारण चढवलेलं असू शकतं. जमिनीचा सातबारा जसा बघता तसं बंदर कार्यालयात जाऊन बघा की बोट कुणाकडे गहाण आहे का, विकणाऱ्याचं नाव आणि नोंदणीवरचं नाव एकच आहे का. आणि मोजपट्टी घेऊन जा. कागदावरची लांबी-रुंदी, खोल्यांची संख्या, मजले आणि समोरची बोट जुळते का? जुन्या बोटीवर मागाहून वरचा मजला चढवणं, फरशा लावणं, जास्तीचे एसी बसवणं हे सर्रास चालतं. मोठा बदल करायचा तर आधी मंजुरी घ्यावी लागते. कागद एका मजल्याचा आणि बोट दोन मजल्यांची असेल, तर तुम्ही बोट घेत नाही आहात, कोर्टाची तारीख घेताय.

आणि हे नुसतं कागदाचं प्रकरण नाही. ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ माणसं गेली. त्यात लहान मुलं होती. ती हाउसबोट नव्हती, फेऱ्या मारणारी बोट होती. पण मासेमारीची बोट बदलून प्रवासी बोट केलेली होती आणि वर क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती. बोटीचा मूळ सांगाडा एका कामासाठी बनलेला असतो. वर वजन चढवलं की तोल बदलतो, आणि तो रंग मारून दुरुस्त होत नाही. तुमच्या बोटीत माणसं रात्री दार लावून झोपणार आहेत, हे खरेदीच्या दिवशीच डोक्यात असू द्या.

ज्यांना काश्मीरची स्वप्नं पडतात त्यांच्यासाठी एवढंच. दल सरोवरातल्या देवदारच्या हाउसबोटी वेगळ्याच जातीच्या आहेत, त्या फिरत नाहीत, उभ्या असतात. तिथे नव्या बोटी बांधायला बंदी आहे आणि जुनीची दुरुस्ती करायलासुद्धा प्रशासनाची परवानगी लागते. जिथे दुरुस्तीच तुमच्या हातात नाही, तिथे दुरुस्ती करून विकायचा धंदा बाहेरच्या माणसानं करू नये, असं माझं मत आहे.

"सर, केरळची जुनी बोट कोकणात आणली तर?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा उत्साह मला आवडतो. तारकर्लीला एमटीडीसीनं कर्लीच्या खाडीत हाउसबोट चालवून दाखवल्या, गोव्यातही हाउसबोट आहेत, म्हणजे कल्पना हवेतली नाही. तरीही जुनी केरळी बोट इकडे आणण्याच्या मी विरोधात आहे. कारण सांगतो, कारण हे दलाल सांगत नाही आणि गुगलवरही एका जागी सापडत नाही.

पहिलं कारण मीठ. कुट्टनाडच्या बाजूला, तण्णीरमुक्कम बंधाऱ्याच्या दक्षिणेला, उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून दरवाजे बंद करतात. त्यामुळे तिथलं पाणी बऱ्याच अंशी गोडं राहतं. लाकूड पोखरणारा समुद्री किडा खाऱ्या आणि मचूळ पाण्यात वाढतो, गोड्या पाण्यात तो टिकत नाही. तिकडे आयुष्य काढलेली बोट आपल्या खाडीत आणून बांधली की त्या किड्यासाठी ते ताटच वाढलेलं असतं. खिळे आणि लोखंडी सामान खाऱ्या पाण्यात लवकर झिजतं ते वेगळंच. आपले गाबीत-खारवी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, तळ सुकवतात, परत तेल लावतात. साठ-सत्तर फुटांची बोट तुम्ही कशी ओढणार?

दुसरं कारण भरती-ओहोटी. कोचीला पाण्याच्या पातळीतला फरक जेमतेम मीटरभर, आत बॅकवॉटरमध्ये त्याहून कमी. मालवण-रत्नागिरीकडे उधाणाला दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, मुंबईकडे चार मीटरच्या पुढे जातो. म्हणजे आपल्याकडे जागा नीट निवडली नाही तर ओहोटीला बोट चिखलात बसणार आणि भरतीला परत उचलली जाणार, दिवसातून दोनदा. शिवलेल्या जुन्या तळाला हे असं रोज वाकवलं तर शिवण किती दिवस टिकेल?

तिसरं, आणणार कशी? एवढ्या रुंदीचा सांगाडा ट्रेलरवर टाकून घाटातून आणणं म्हणजे दिव्य. समुद्रातून ओढत आणायची, तर ही बोट समुद्रासाठी बनलेलीच नाही, शांत पाण्यासाठी आहे. नव्या कायद्यात नोंदणी देशभर चालते हे खरं, पण बोट कुठल्या प्रकारच्या पाण्यासाठी पास झालीय हे सर्वेक्षणात ठरतं, आणि इकडे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचं, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सचं दार वाजवावंच लागतं. तिकडे स्वस्तात घेतलेली बोट इथे येईपर्यंत नव्या बोटीच्या भावाला पोचते. कोकणात हाउसबोट करायचीच असेल तर इथल्या खाडीसाठी, इथल्या कारागिरांकडून, नवा तळ बांधून घ्या. फर्निचर, कोरीव दारं, जनरेटर हवं तर तिकडच्या तुटलेल्या बोटींचं आणा. तो सौदा मात्र खरंच फायद्याचा होऊ शकतो.

मग नव्या माणसानं या धंद्यात शिरायचं कसं? माझ्या मते मालकीनं नाही. अलेप्पीत बोटी लीजवर मिळतात. एक हंगाम लीजवर बोट चालवा. डिझेल किती, स्वयंपाकी किती, एजंटचं कमिशन किती, कुठला आशारी शब्दाला पक्का आहे, कुठल्या यार्डात नंबर लवकर लागतो, हे सगळं त्या सहा महिन्यांत कळतं. त्यातून पैसा थोडाच सुटेल, कदाचित नाहीही सुटणार. पण पुढच्या जूनमध्ये तुम्ही बोट बघायला जाल तेव्हा दलाल तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलेल. भाषेवरून आठवलं, मल्याळम येणारा एक भरवशाचा माणूस पगारावर ठेवा. तुमच्यासमोर दलाल आणि मालक आपसात काय बोलतायत हे न कळणं फार महागात पडतं.

विकणाऱ्यांसाठी थोडं. दुरुस्तीचा प्रत्येक टप्पा फोनवर शूट करून ठेवा. कुजलेली फळी काढताना, नवी बसवताना, फटी भरताना, लेप देताना, तारखेसह. लाकडाचं बिल, यार्डाची पावती, सर्वेअरचा अहवाल एका फायलीत लावा. गिऱ्हाईक आलं की आधी फाईल द्या, मग बोट दाखवा. जे काम केलं नाही तेही त्यात लिहा: "मागच्या बाजूचं छप्पर पुढच्या वर्षी बदलावं लागेल." असं लिहिलं की भाव पडतो, असं बरेच जण म्हणतात. माझं म्हणणं उलट आहे. या बाजारात सगळेच "एकदम टॉप कंडिशन" म्हणतात, त्यामुळे त्या शब्दांना कुणी विचारत नाही, आणि लेखी दोष देणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो. शिवाय उद्या काही झालं तर तुम्ही काय सांगितलं होतं याचा कागद तुमच्याकडे राहतो. विकल्यावर मालकी हस्तांतराची नोंद बंदर कार्यालयात झाली का, ते स्वतः उभं राहून बघा. पैसे आले म्हणून निघून आलात आणि दप्तरात नाव तुमचंच राहिलं, तर त्या बोटीचं पुढे काहीही झालं तरी पहिली नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल.

नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र ओळीओळीनं कसं वाचायचं ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोपर्यंत ज्यांना बोटीबद्दल विचारायचंय त्यांनी सोफ्याचे आणि फुलांनी सजवलेल्या बेडचे फोटो पाठवू नका. फरशी उचलून तळाचे पाठवा, आणि सोबत शेवटच्या यार्डाच्या पावतीचा.